मदत हवी आहे: हाडांवरच्या उंचवट्यांना मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. भाची बांबोळीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळा मराठी, म्हणून रात्री आम्ही दोघी हाडांचे शब्द मराठीत लावून बघतो. फोरामेन म्हणजे आरपार छिद्र, फोसा म्हणजे खळगा, सल्कस म्हणजे पन्हळ, इथवर जमलं. दंडाच्या हाडाचे वरचे दोन ट्यूबरकल आणि मधली पन्हळ तर तिने डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून ओळखली! त्या पन्हळीतून बायसेप्सची एक कंडरा जाते. अडतंय ते उंचवट्यांपाशी. ट्यूबरकल, ट्यूबरॉसिटी, ट्रोकँटर, तिन्हींना उंचवटाच म्हणायचं का? ट्रोकँटर फक्त मांडीच्या हाडावर, एक मोठा, एक लहान, एवढं कळलंय. कुणी शिकवताना वेगळे शब्द वापरत असाल तर कृपया सांगा, परीक्षा तोंडावर आलीय.