हाताने रंगवलेल्या लोकरीची शाल: मोरपंखी रंग मधोमधच का साचतोय?

आभा_ठाणे
नमस्कार मंडळी. आईच्या पंचाहत्तरीसाठी शाल विणायला घेतली आहे. धाकट्या बहिणीने एडिंबरोहून मेरिनो लोकरीची हाताने रंगवलेली एकच लडी पाठवली. १०० ग्रॅम, ४०० मीटर. एका टोकाला राणी, मध्ये जांभळा, दुसऱ्या टोकाला मोरपंखी. हातात घेतल्याबरोबर आईची लग्नातली पैठणी आठवली.

वीण शेटलंडची 'ओल्ड शेल', ती लाटांसारखी दिसणारी. १८ टाक्यांचा नमुना पाच वेळा आणि दोन्ही कडांना तीन-तीन टाके, म्हणजे ९६. सुया ४ मिमीच्या. तीस ओळी झाल्यावर पसरून बघितलं तर मोरपंखी सगळा मधोमध, राणी दोन्ही कडांना, आणि लाटा कुठेच दिसत नाहीत! माझं काही चुकतंय का? उसवायचं जिवावर आलंय, पण आईला असं द्यायचंही नाहीये. आणि धुताना रंग जाईल का, तेही सांगा.

रंगारीण
आभा, तुझ्या हाताची काही चूक नाही. मी नाशिकला घरीच लोकर रंगवते, म्हणून नक्की काय झालंय ते सांगू शकते.

लडी रंगवताना आम्ही ती टेबलावर लांबट पसरतो आणि ब्रशने दोन्ही पदरांवर एकदमच रंग चढवतो. म्हणजे दोऱ्याच्या अंगाने बघितलंस तर राणी, जांभळा, मोरपंखी, परत जांभळा, परत राणी असा रंग जातो आणि येतो. माझ्या लडीचा पूर्ण वेढा साधारण दीड मीटरचा असतो. तुझ्या ९६ टाक्यांच्या एका ओळीलाही जवळपास तेवढाच दोरा लागत असणार. मग प्रत्येक ओळ राणीवर सुरू होऊन राणीवरच संपणार आणि मोरपंखी दर वेळी मध्येच येणार. त्रिकोणी शालीत ओळ वाढत जाते, त्यामुळे हा डाग थोड्या वेळात आपोआप फुटतो. तुझी शाल सरळ पट्टीची आहे, तिच्यात तो शेवटपर्यंत राहील.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. एक ओळ उसव आणि तेवढा दोरा टेपवर धर. उरलेल्या लडीचा वेढाही मोज. दोन्ही आकडे जवळ आले, तर उसवायचंच. १८ चा एक नमुना कमी कर, ७८ टाके घाल. ओळीला साधारण १२० सेंमी दोरा लागेल, म्हणजे प्रत्येक ओळीत रंग ३० सेंमीने सरकेल. पन्ह्याला शाल जरा अरुंद होईल, पण ४०० मीटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास ओळी निघतात, लांबी भरपूर मिळेल.

वीण मात्र अजिबात बदलू नकोस. मी एकदा अशाच लोकरीत पानांची नाजूक जाळी विणली होती. दोन महिने खपले आणि चार पावलांवरून एकही पान दिसेना. रंग बोलत असतील तर जाळी मोठी आणि साधी हवी. ओल्ड शेलमध्ये चारपैकी एकाच ओळीत जाळी असते (दोन-दोन टाके एकत्र विणून तीन जोड्या, मग सहा वेळा धागा पुढे आणि एक सुलट, परत तीन जोड्या). त्या भोकांच्या ओळीने रंग वर-खाली वळतो. हीच वीण घेतलीस, फार बरं केलंस.

रंगाचं म्हणशील तर लोकरीचा रंग आंबट पाण्यात आणि वाफेवर पक्का होतो. मी त्यासाठी जुनं मोदकपात्र कायमचं वेगळं काढलंय, त्यात परत कधी मोदक होत नाहीत. तरी पहिल्या धुण्यात थोडा जास्तीचा रंग निघतोच. गार पाण्यात बुडव, चोळू नकोस, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा.

मंजूमावशी
आभा, उसवलेला दोरा कुरळा होतो, तसाच विणलास तर टाके वेडेवाकडे दिसतील. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांध, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांग. वाळली की सरळ होते.

आणि दर वीस ओळींनी टाक्यांतून पांढरा सुती दोरा ओवून ठेव. टाका खाली सुटला तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायला लागतं. माझ्या सासूबाईंनी हे शिकवलं होतं.

आभा_ठाणे
मोजलं! ओळीला १४८ सेंमी, लडीचा वेढा १५०. रंगारीण ताई, तुम्ही न बघता सांगितलंत!

काल रात्री सगळं उसवलं. मंजूमावशी, लडी बाल्कनीत सावलीत टांगली आहे. विणून झाल्यावर ओली शाल टाचण्या लावून ताणायची कशी, ते सांगाल का कुणी? घरात एवढा मोठा बोर्ड नाही.

रंगारीण
बोर्ड लागत नाही. गादीवर जुनी चादर घाल, तिच्यावर ओली शाल पसर. आधी टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढ, पिळू नकोस. लांबीच्या कडा सरळ ताणून टाचण्या लाव. दोन्ही टोकांना मात्र लाटेच्या प्रत्येक उंचवट्यावर एक टाचणी, मगच ती महिरप उठून दिसते. पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नकोस. आणि शेवटी टाके बंद करताना ४ ऐवजी ५ मिमीची सुई घे. टाके घट्ट बंद झाले तर त्या टोकाची महिरप ताणलीच जाणार नाही.