अनुभव धागा : कोच निक सेबन, तुमच्या गावात असताना

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या गावांत ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना निक सेबन हे नाव वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: २००७ ते २०२३ असे १७ हंगाम ते अलाबामा विद्यापीठाचे हेड कोच होते. त्यात ६ राष्ट्रीय विजेतेपदं. त्याआधी लुइझियाना स्टेटला (एलएसयू) मिळवून दिलेलं धरलं तर ७, म्हणजे अलाबामाचे जुने कोच आणि दैवतच असलेले बेअर ब्रायंट यांच्यापेक्षा एक जास्त. १० जानेवारी २०२४ ला ते निवृत्त झाले.

आकडे कुठेही सापडतात. मला ऐकायचंय ते तुमच्याकडून. हा माणूस जिथे जिथे नोकरीला होता, तिथे तिथे आपली माणसंही शिकायला, नोकरीला होतीच. मैदानावर, वर्गात, गावात, घरात तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. खेळाचे नियम माहीत नसले तरी बिघडत नाही. मी टस्कलूसाची, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावची, माझंही लिहीनच.

ईस्ट लान्सिंग, मिशिगन

मी तेव्हा मिशिगन स्टेटला पीएचडी करत होतो. सेबन १९९५ ला तिथे हेड कोच झाले आणि पहिली वर्षं यथातथाच गेली. जेवढे सामने जिंकायचे जवळपास तेवढेच हरायचे. आमच्या लॅबमधले लोक त्यांचं नाव निघालं की नाक मुरडायचे.

मग ७ नोव्हेंबर १९९८ आला. समोर ओहायो स्टेट, देशात पहिल्या क्रमांकावर, आणि सामना त्यांच्याच मैदानावर कोलंबसला. आमचे लोक २४–९ असे मागे पडले होते, ते २८–२४ ने जिंकले. रस्त्यावर जो गोंधळ झाला तो मी खिडकीतून पाहिला.

त्यामागची गोष्ट मला नंतर कळली. आमच्याच विद्यापीठात मानसोपचारशास्त्राचे प्राध्यापक होते, डॉ. लायोनेल रोझन. फुटबॉलमधली एक चाल सरासरी सात सेकंदांत संपते, तर पोरांना तेवढ्या सात सेकंदांचंच बघू द्या, असं त्यांचं सेबनना सांगणं. ती चाल झाली की विसरायची, पुढची धरायची. स्कोअरबोर्डकडे मान वळवायची नाही. पुढे सेबनची पद्धत म्हणून ‘द प्रोसेस’ या नावाने जे अमेरिकाभर गाजलं त्याची मुळं ईस्ट लान्सिंगची आहेत, हे आम्हा जुन्या लोकांना अभिमानाने सांगावंसं वाटतं. माझ्या थिसिसचं घोडं तेव्हा अडलं होतं. त्या हिवाळ्यात मी ‘डिग्री कधी’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि रोज एक आलेख नीट करायचा, एवढंच धरलं. ते आजही सोडलेलं नाही.

१९९९ ला ९ सामने जिंकून दिले आणि बोलच्या (हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याच्या) आधीच ते लुइझियानाला निघून गेले. गावाला ते फार लागलं.

मॉर्गनटाउन, वेस्ट व्हर्जिनिया

मी मूळचा चंद्रपूरचा. वडील वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे पर्यवेक्षक, होते, मीही मायनिंगच केलं आणि नोकरीने कोळशाच्याच मुलखात आलो. सेबनचं गाव मोनोंगा इथून फार लांब नाही. तिथे १९०७ साली खाणीत स्फोट होऊन सरकारी आकड्यानुसार ३६२ माणसं गेली. अमेरिकेतली ती सर्वांत मोठी खाण दुर्घटना. शेजारच्या फार्मिंग्टनला २० नोव्हेंबर १९६८ ला पुन्हा स्फोट झाला, ७८ माणसं गेली. सेबन तेव्हा १७ वर्षांचे, शाळेच्या संघाचे क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू). त्याच वर्षी त्यांच्या शाळेने राज्य विजेतेपद मिळवलं.

आजोबा खाण कामगार. वडील, त्यांचंही नाव निकच, पेट्रोल पंप चालवायचे आणि गावातल्या लहान पोरांचा संघ शिकवायचे. संघाचं नाव ‘ब्लॅक डायमंड्स’. कोळशाच्या गावात दुसरं काय असणार. पोरगा पंपावर गाड्या धुवायचा. धुतलेल्या गाडीवर फडक्याचा एक जरी ओरखडा दिसला तर वडील ती पहिल्यापासून धुवायला लावायचे. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांचा सेबनना तेव्हापासून तिटकारा, कारण त्यांच्यावर प्रत्येक डाग दिसतो. हे त्यांनी स्वतः कित्येकदा सांगितलंय.

मला भिडली ती दुसरी गोष्ट. शाळेत संगीताच्या तासाला हा लाजून गायचाच नाही, म्हणून त्या विषयात ‘डी’ मिळाला. वडिलांनी त्याला खाणीत नेलं. खाली, अंधारात. आयुष्यभर हे करायचंय का, एवढंच विचारलं. माझ्या बापाने मला पहिल्यांदा खाली नेलं तेव्हा पिंजरा सुटल्यावर कानात दडे बसले होते आणि टोपीच्या दिव्यापलीकडे काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्यामुळे त्या पोराला काय वाटलं असेल ते मला कुणी सांगायला नको.

वडील १९७३ ला अचानक गेले. मुलगा तेव्हा केंट स्टेटला नुकताच सहाय्यक म्हणून लागला होता, तेही बायकोचं शिक्षण वर्षभर बाकी होतं म्हणून. कोच व्हायचं तोवर त्याच्या डोक्यातही नव्हतं. हेड कोच झालेला मुलगा वडिलांनी पाहिलाच नाही.

बॅटन रूज, लुइझियाना

थोडक्यात लिहिते. ४ जानेवारी २००४, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, ओक्लाहोमावर २१–१४. एलएसयूला १९५८ नंतर पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. आमच्या शेजारच्या आजी १९५८ सालीही मैदानात होत्या. त्या रात्री त्या अंगणात येऊन रडल्या, मग सगळ्यांना गंबो (तिकडचं दाट सार) वाढला. वर्ष सरतंय तोच सेबन मायामीला, डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडे निघाले, आणि दोन वर्षांनी थेट अलाबामाला, म्हणजे आमच्या पक्क्या वैऱ्याकडे. त्याच आजींनी पुढे टीव्हीवर त्यांचा चेहरा दिसला की आवाज बंद करायला सुरुवात केली. पण कोच कसा होता असं विचारलं की म्हणायच्या, “त्याने आम्हाला जिंकायची सवय लावली.” आणि विषय बदलायच्या.

टस्कलूसा (धागाकर्ती)

चंद्रपूरकर दादा, तुमचं वाचून खूप वेळ दुसरं काही सुचलंच नाही.

आम्ही इथे आलो ते सेबन आले त्याच वर्षी. एप्रिल २००७ मध्ये नुसत्या सरावाचा सामना होता, संघाचे दोन भाग करून आपसांत खेळायचा. त्याला ९०,००० हून जास्त माणसं आली! आम्हाला कळेना, गावात चाललंय काय. आणि त्याच नोव्हेंबरात लुइझियाना-मन्रोसारख्या लहानशा संघाने घरच्या मैदानावर २१–१४ ने हरवलं. सोमवारी किराणा दुकानात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दोन वर्षांनी आमचा हाच संघ १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. आमच्या इथे गणपतीची आरती आणि जेवण कुठल्या शनिवारी ठेवायचं हे ठरवताना आधी फुटबॉलचं वेळापत्रक काढलं जातं. घरचा सामना असेल तर हॉल मिळतो, माणसं मिळत नाहीत.

पण मला लिहायचंय ते २७ एप्रिल २०११ बद्दल. संध्याकाळी पाचच्या सुमाराला चक्रीवादळ (टोर्नेडो) गावाच्या मधून गेलं. आम्ही बाथटबमध्ये, अंगावर गादी ओढून. आवाज थांबल्यावर बाहेर आलो तर पंधराव्या रस्त्यापलीकडे जिथे झाडी दिसायची तिथे सरळ क्षितिज दिसत होतं. टस्कलूसा ते बर्मिंगहॅम या पट्ट्यात त्या एका वादळाने साठाहून जास्त माणसं नेली.

पुढच्या दिवसांत खेळाडू ठिकठिकाणी ढिगारे उपसताना, पाण्याची खोकी उतरवताना दिसत होते. सेबन आणि त्यांच्या पत्नी टेरी यांची मुलांसाठीची संस्था आहे, ‘निक्स किड्स’. तिने ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’बरोबर घरं बांधायला घेतली: विद्यापीठाची जितकी राष्ट्रीय विजेतेपदं, तितकी घरं. विजेतेपद वाढलं की एक घर वाढवायचं. सुरुवात तेरापासून झाली. एका घराच्या रंगकामाला आमचं मराठी मंडळ गेलं होतं. ज्या बाईंचं घर होतं त्या प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत होत्या, रंग ओला असूनसुद्धा.

त्याच हंगामाच्या शेवटी, जानेवारी २०१२ मध्ये, अंतिम सामन्यात एलएसयूला २१–० हरवलं. अख्ख्या सामन्यात त्यांना मैदानाची मधली रेष फक्त एकदा ओलांडता आली. बॅटन रूजच्या ताई, माफ करा, पण हे लिहिल्याशिवाय राहवेना.

ऑबर्न

मी पलीकडच्या गोटातला, म्हणजे याच राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाचा, अलाबामाच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा. ३० नोव्हेंबर २०१३. बरोबरी, वेळ संपलेली. सेबननी पंचांकडे दाद मागितली आणि घड्याळावर एक सेकंद परत लावून घेतला. त्या एका सेकंदात त्यांनी ५७ यार्डांवरून किक मारायला लावली, ती आखूड पडली, आणि आमच्या क्रिस डेव्हिसने चेंडू झेलून पूर्ण मैदान धावत पार केलं. ३४–२८. मी तिथे होतो. टूमर्स कॉर्नरवर, म्हणजे विजयानंतर सगळे जमतात त्या चौकात, पहाटेपर्यंत टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या उडत होत्या. इतक्या मोठ्या कोचला हरवलं म्हणूनच तो आनंद एवढा मोठा होता, हे मी मनापासून लिहितोय.

बर्मिंगहॅम

ऑबर्नकर, तो महिना माझ्याही लक्षात आहे, वेगळ्या कारणाने. १६ नोव्हेंबरला वानखेडेवरून सचिन निरोपाचं बोलला, इथे मध्यरात्र उलटून गेली होती. मी हॉस्पिटलच्या ड्युटी रूममध्ये फोनवर पाहत होतो. आचरेकर सर २९ वर्षांत मला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत, मी गाफील होईन या काळजीने, असं तो म्हणाला. मी दादरचा, शिवाजी पार्कवर त्यांना दुरून पाहिलेलं. घशात आवंढा आला.

सेबन त्याच जातीचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये टेक्सस ए अँड एमवर विजय मिळवूनही ते पत्रकारांवर भडकले. तुम्ही पोरांचं जे कौतुक छापता ते म्हणजे उंदीर मारायचं औषध आहे, असं म्हणाले. इथल्या लोकांना तो विक्षिप्तपणा वाटला. आचरेकर सरांच्या मैदानाकाठी उभं राहिलेल्याला त्यात नवल ते काय!

अटलांटा, जॉर्जिया

मी फुटबॉल बघायला शिकले ती मुलामुळे. तो शाळेच्या संघात क्वार्टरबॅक होता आणि ऐन हंगामात त्याच्या जागी धाकट्या वर्गातल्या मुलाला घेतलं. घरात जेवणाच्या ताटावर कुणी बोलेना.

त्याच हिवाळ्यात, ८ जानेवारी २०१८ ला, अंतिम सामना आमच्या अटलांटात झाला. अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. मध्यंतराला जॉर्जिया १३–० ने पुढे. सेबननी क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बाकावर बसवलं. दोन वर्षांत ज्याच्या हाताखाली संघ फक्त दोन सामने हरला होता, तो मुलगा. त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा टुआ टागोवाइलोआ. सामना जादा वेळेत गेला, टुआला मागे ढकलून पाडलं, आणि पुढच्याच चालीत त्याने ४१ यार्डांचा चेंडू डेव्हॉन्टा स्मिथकडे फेकला. २६–२३. आमच्या हॉलमध्ये सगळे जॉर्जियावाले डोक्याला हात लावून बसलेले. माझा मुलगा मात्र हर्ट्सकडे बघत होता. बाकावरचा हर्ट्स उड्या मारत टुआला मिठी मारायला धावला होता. “आई, तो खरंच खूश आहे गं,” मुलगा म्हणाला.

सगळे म्हणत होते हर्ट्स दुसऱ्या विद्यापीठात जाईल. तो त्या वर्षी राहिला. १ डिसेंबर २०१८, तेच स्टेडियम, समोर तोच जॉर्जिया, अलाबामा ७ गुणांनी मागे, आणि टुआ जखमी. हर्ट्स उतरला. एक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) चेंडू फेकून मिळवला, एक स्वतः धावून केला. ३५–२८. नंतर माइकसमोर त्याच्याबद्दल बोलताना सेबनचा आवाज भरून आला. मध्यंतराला बसवलं तो निर्णय निष्ठुर होता, असं मला आजही आई म्हणून वाटतं. पण बसवलेल्या मुलाला वर्षभर तयार ठेवलं, त्याचा हात सोडला नाही, हेही त्याच माणसाने केलं. हर्ट्स पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्स या व्यावसायिक संघाकडून सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना) जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझ्या मुलाने रात्री मला फोन केला, बराच वेळ नुसतं “पाहिलंस ना?” एवढंच म्हणत होता.

टस्कलूसा, विद्यापीठातून

मी इथे संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून पैशाचं मीच बोलतो. सेबनचा शेवटचा पगार वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त होता. शिक्षणसंस्थेत कोचला एवढं आणि कनिष्ठ प्राध्यापकाला एवढुसं, हे मला पटत नाही, पटणारही नाही. पण ज्यांच्या फीवर आमचे विभाग चालतात त्या विद्यार्थ्यांचा आकडाही मांडायला हवा. २००७ ला साधारण २५ हजार विद्यार्थी होते, २०२३ ला ३९ हजारांच्या घरात, त्यातले निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतले. आमच्या विभागात नव्या जागा निघाल्या, त्यातल्या एकीवर मी लागलो.

दुसरं. ११ जून १९६३ ला अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच विद्यापीठाच्या फॉस्टर ऑडिटोरियमच्या दारात उभे राहिले, दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. ३१ ऑगस्ट २०२० ला फुटबॉलपटू वर्णभेदाविरुद्ध मोर्चा काढून त्याच दारापाशी गेले. ६८ वर्षांचे सेबन पहिल्या रांगेत, खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून. अलाबामात अशा मोर्चात चालल्याने चाहते नाराज होणार हे त्यांना ठाऊक असणारच, आणि काही झालेही. माझ्या वर्गातला एक दांडगा लाइनमन त्या मोर्चात होता. दुसऱ्या दिवशी गृहपाठ घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, कोच काय म्हणाले? तो म्हणाला, “आधी आमचं ऐकून घेतलं.”

टस्कलूसा (धागाकर्ती)

सरांनी पैशाचं लिहिलं ते बरं केलं, त्यावर मतभेद असतील तर जरूर मांडा.

निवृत्तीच्या संध्याकाळचं कुणी लिहिलं नाही म्हणून मीच भर घालते. बातमी आली आणि लोक स्टेडियमबाहेरच्या त्यांच्या पुतळ्याकडे निघाले. पायथ्याशी फुलं होती, कोकच्या बाटल्या होत्या आणि लिटल डेबीच्या ओटमील क्रीम पायची पाकिटं होती, कारण सेबन रोज सकाळी त्याच खातात हे अख्ख्या राज्याला माहीत आहे. आमची धाकटी तिच्या डब्यातली एक ठेवून आली.

मायामी डॉल्फिन्सबद्दल मात्र अजून कुणीच लिहिलेलं नाही. २००५ आणि २००६, १५ विजय आणि १७ पराभव, त्यांच्या कारकिर्दीतला हाच एक तुकडा जिथे गणित जमलं नाही. तेव्हा दक्षिण फ्लोरिडात कोण कोण होतं? तुमच्याकडूनही यायला हवं. टोलेडोला १९९० साली ते एकच हंगाम होते, तिथलं कुणी असेल तर त्यांनीही लिहावं.