शब्दचर्चा: गेममधल्या 'यूज' बटणाला मराठीत काय म्हणायचं, 'वापर' की 'लाव'?

पिक्सेल_पाटील:
मंडळी, घरात एक किरकोळ भांडण झालंय ते इथे आणतोय. भाचा पुण्याहून सुट्टीला जळगावला आलाय, दोघं मिळून थिंबलवीड पार्क खेळतोय. गेम २०१७ चा, पण मुद्दाम १९८७ चा वाटावा असा बनवलेला, जाड जाड पिक्सेल, खाली नऊ क्रियापदांची पाटी, आधी क्रियापदावर क्लिक करायचं मग वस्तूवर. रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक, ज्यांनी १९८७ मध्ये खरोखर मॅनियाक मॅन्शन केला होता, त्याच दोघांनी तीस वर्षांनी लोकांकडून वर्गणी काढून हा केला. मला जाम आवडला, भाच्याला अर्धाच आवडला. मग ठरवलं की दोघांची मतं मराठीत लिहून काढू, आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. ती नऊ क्रियापदं मराठीत द्यायची होती ना. उघड, बंद कर, दे, उचल, बघ, बोल, ढकल, ओढ, आठ झाली. नववं 'यूज'. भाचा म्हणे 'वापर'. मी म्हटलं 'लाव', कारण आईला वाचून दाखवत होतो तेव्हा तोंडातून आपोआप 'चाबी दाराला लाव' असंच निघालं. भाचा म्हणतो मामा हे तुमचं खानदेशी झालं, प्रमाण मराठीत 'वापर'. तेवढ्यात आई म्हणाली, "चाबी काय वापरतात का रे कधी? वापरतात तो साबण." आता तुम्हीच सांगा.

शुद्धमती:
भाच्याचं बरोबर आहे. 'वापर' किंवा 'उपयोग कर'. शिवाय 'चाबी' नाही, 'किल्ली'. आणि 'क्लिक'ला 'टिचकी' हा सुंदर शब्द असताना क्लिक कशाला? या 'पॉइंट अँड क्लिक' प्रकाराला 'टिचकीखेळ' म्हणता येईल. अजून एक, 'उघड', 'दे', 'बघ' ही एकेरी आज्ञा पडद्यावर उद्धट वाटते. 'उघडा', 'द्या', 'पाहा' असं हवं.

धुळ्याची_माई:
'उघडा' नावाचं बटण? मला तर अंगात सदरा नसलेला पोरगाच डोळ्यासमोर आला 😄

यावलचा_केळीवाला:
आईंना माझं मत. आमच्याकडे सगळं लावतात भाऊ. केळी लावतात, ठिबक लावतात, मोटर लावतात, मजूर लावतात, मोटर जळाली की मिस्तरीला फोन लावतात, तो नाही आला की डोक्याला हात लावतात. 'वापर' हा शब्द मी फक्त खताच्या गोणीवर वाचलाय, 'वापरण्याची पद्धत'. रात्री दोनला लाइट आली की बाप ओरडायचा 'मोटर लाव रे', 'मोटर वापर' असं म्हणाला असता तर मी विचारलं असतं कशासाठी.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ:
केळीवाले दादा, हे सगळं खरं, पण गेममध्ये 'लाव' चालणार नाही, कारण सांगतो. त्या पाटीवर तुम्ही 'लाव' दाबलं आणि नुसतं दारावर क्लिक केलं. काय झालं? 'दार लाव'. म्हणजे बंद! आणि 'बंद कर' तर वेगळं बटण आहेच. दिवा लाव म्हणजे पेटव, दार लाव म्हणजे मिट, कुलूप लाव म्हणजे अडकव, आणि किल्ली लाव म्हणजे त्याच कुलपाला उघड! एकाच क्रियापदाने उघडतंही आणि बंदही होतं. इंग्रजीतला 'यूज' निदान कुठलीच बाजू घेत नाही.

मी हे गेम रेल्वे क्वार्टरमध्ये खेळत मोठा झालोय, मामा मुंबईहून सीडी आणायचे आणि इंग्रजी निम्मं कळायचं नाही, तेव्हा आम्ही भाऊ-भाऊ एकमेकांना मराठीत ओरडून सांगायचो. काय म्हणायचो आठवून बघितलं. 'त्याला ते लावून बघ', 'त्याच्यावर टाक', 'त्यात घाल', 'त्याला जोड'. म्हणजे प्रत्येक वस्तूला वेगळं क्रियापद. 'वापर' कधीच नाही. आणि अडकलो की शेवटचा उपाय, 'सगळं सगळ्याला लावून बघ'.

पिक्सेल_पाटील:
@रेल्वे_कॉलनी 'सगळं सगळ्याला लावून बघ' हे तर या गेमप्रकाराचं बोधवाक्य आहे 😂 दार लावचा मुद्दा मात्र मला सुचला नव्हता.

पण एक बघा, जुन्या मॅनियाक मॅन्शनच्या पाटीवर पंधरा बटणं होती. त्यात दिवा वगैरे चालू करायला वेगळं, बंद करायला वेगळं, कुलूप काढायला वेगळं, दुरुस्त करायला वेगळं. पुढच्या गेममध्ये ती कमी कमी होत गेली आणि बाकीची सगळी 'यूज'च्या पोटात गेली. म्हणजे मूळ यादीतच 'लाव' होतं म्हणा ना. पण तिथेही घोटाळा, दार बंद करणं आणि दिवा बंद करणं इंग्रजीत दोन बटणं, आपल्याकडे दोन्हीला 'बंद कर'.

अहिराणी_नाद:
दिवा 'मालव' की! बंद काय करता. आमच्या आजीसमोर 'दिवा बंद कर' म्हटलं तर ती म्हणायची देवाचा दिवा बंद करत नाहीत, तो शांत होतो.

आणि 'वापर' परका नाही हो, 'वापर' आणि 'वावर' एकाच घरातले आहेत, दोन्ही 'व्यापार'वरून आले असं माझं ठाम मत आहे. माणसाचा वावर, वस्तूचा वापर. आणि आपण शेताला वावर म्हणतो ते का? जिथे माणूस रोज वावरतो ते वावर. 'मी वावरमा जाई ऱ्हायनू' यात अख्खी व्युत्पत्ती आली. पुण्याच्या भाच्याला सांगा.

शुद्धमती:
'ठाम मत' म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. वावरणे आणि वापरणे यांचं नातं मान्य आहे, पण शेताचं वावर त्यातलंच हे कशावरून? आवाज सारखा आला की नातं लावायचं का?

यावलचा_केळीवाला:
नातंही लावतातच बघा 😄

धुळ्याची_माई:
टिचकीवर बोलू द्या मला. टिचकी म्हणजे अंगठ्यावर बोट अडकवून सोडणं. कॅरममध्ये स्ट्रायकरला मारतो ती. पोरांच्या डोक्यात मारतो ती. माउसवर कोण असं करतं? माउसचं बटण दाबतात. 'टिचकी मारा' हे मी वेबसाइटवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं हे लोक मॉनिटरला मारायला सांगतायत की काय. 'बोट दाखव आणि टिचकी मार' असा प्रकार असेल तर तो खेळ नाही, शाळेतला खोडकर पोरगा आहे.

शुद्धमती:
शब्दाचा अर्थ विस्तारतो, माई. 'पान' झाडाचं होतं, पुस्तकाचं झालं, आता वेबपान झालं. टिचकीला पंधरा-वीस वर्षं तरी लोक वापरतायत.

धुळ्याची_माई:
लोक म्हणजे कोण? माझा मुलगा, सून, दुकानातला पोरगा, बँकेतली मॅडम, सगळे 'क्लिक करा' म्हणतात. टिचकी म्हणणारे मला फक्त इथेच भेटतात.

अहिराणी_नाद:
ऐका ना, 'उचल' बद्दल कोणी काही बोलत नाही पण सगळ्यात गमतीचा तोच आहे. उचल म्हणजे ऊसतोडीवाला मुकादमाकडून घेतो ती आगाऊ रक्कम. आणि उचलेगिरी म्हणजे चोरी. या गेममध्ये तुम्ही करता काय, दुसऱ्याच्या घरात घुसायचं, टेबलावरचं, कपाटातलं, दिसेल ते खिशात. म्हणजे 'उचल' हे भाषांतर इंग्रजीपेक्षा खरं आहे!

पिक्सेल_पाटील:
अहो या गेममध्ये तर धुळीचे कणसुद्धा उचलता येतात, एक एक पिक्सेलचे, जागोजागी पडलेले, आणि भाच्याने आख्खा एक दिवस त्यांच्यामागे घालवला. आई म्हणाली घरातली धूळ कधी उचलली नाही याने.

आता खरी अडचण सांगतो जी काल रात्री लक्षात आली. इंग्रजीत तुम्ही 'यूज' दाबलं, मग चावी, मग दार, की खाली वाक्य आपोआप बनतं, शब्द एकापुढे एक ठेवले की झालं. मराठीत क्रियापद शेवटी जातं. ते चालेल, उलटं दाखवता येईल. पण प्रत्यय? 'दार'चं 'दाराला', 'कुत्रा'चं 'कुत्र्याला', 'विदूषक'चं 'विदूषकाशी बोल', 'प्रेत'चं 'प्रेताकडे बघ'. म्हणजे गेममधल्या प्रत्येक वस्तूचं सामान्यरूप वेगळं लिहून ठेवावं लागेल. बघला 'कडे', बोलला 'शी', देला 'ला'. आणि 'वापर' घेतलं तर 'चावी दारावर वापर', हे तर मला इंग्रजीच वाटतं, फक्त देवनागरीत. 'लाव' घेतलं तर 'चावी दाराला लाव', ऐकायला कसं सरळ. पण मग दार लाव...

रेल्वे_कॉलनी_भुसावळ:
प्रेताकडे बघ आणि प्रेत बघ यातही फरक आहे बरं का. 'कडे बघ' म्हणजे नुसती नजर. 'प्रेत बघ' म्हणजे तपास. गेमची सुरुवातच नदीतल्या प्रेताने आहे आणि ते कुजत नाही तर त्याचे पिक्सेल व्हायला लागतात असा विनोद आहे, तो मराठीत कसा आणणार? 'प्रेत पिक्सेलायला लागलंय'?

यावलचा_केळीवाला:
पिक्सेलायला! घ्या, मराठीला नवीन क्रियापद मिळालं. नासतं, कुजतं, पिक्सेलतं.

शुद्धमती:
देवा.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ:
आणि सुटका हवी असेल तर १९९७ च्या तिसऱ्या मंकी आयलंड गेमसारखं करा. तिथे क्रियापदांचे शब्दच काढून टाकले, एक सोन्याचं नाणं यायचं, त्यावर हात, कवटी आणि पोपट. हात म्हणजे वस्तूला काही कर, कवटी म्हणजे बघ, पोपट म्हणजे बोल किंवा खा. कुठल्याच भाषेचं भांडण नाही.

धुळ्याची_माई:
हात म्हणजे 'हात लाव'. आलं परत लाव 😂

पिक्सेल_पाटील:
माई 🙏 भाच्याला वाचून दाखवलं, गप्प बसलाय.

यावलचा_केळीवाला:
बरं पण गेमबद्दल मत काय लिहिणार ते सांगा ना, त्यासाठीच लिहायला बसला होतात. मी खेळलोय. माझं मत, विदूषक सगळ्यात भारी. दर वाक्याला शिवी आणि दर शिवीवर बीप. आमच्या गल्लीत एक आजोबा होते तसेच, फक्त बीप नव्हता. पण पाच पाच माणसं सांभाळायची आणि याला इकडे पाठव त्याला तिकडे पाठव, त्यात जीव जातो. अर्धा गेम नुसता चालण्यात.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ:
चालण्यातच मजा आहे दादा, डोक्यात कोडं घोळत असतं तेव्हा. मला शेवट नाही पटला. काय होतं ते सांगत नाही, पण एवढं मोठं खुनाचं प्रकरण उभं करून नंतर त्याच्याकडे पाठच फिरवली. आणि जुन्या गेमचे संदर्भ इतके, की त्यांनाच सेटिंगमध्ये 'त्रासदायक अंतर्गत विनोद' बंद करायची सोय द्यावी लागली. ज्याने जुने गेम खेळले नाहीत त्याला पाहुण्यांच्या लग्नात बसल्यासारखं वाटतं, सगळे हसतायत आणि आपल्याला नवरदेवाचं नावही माहीत नाही.

पिक्सेल_पाटील:
भाच्याचं अगदी हेच म्हणणं. मी मात्र प्रत्येक विनोदाला हसलो आणि प्रत्येक वेळी त्याला समजावत बसलो, म्हणून तो वैतागला. त्याला २०२२ चा मंकी आयलंड जास्त आवडला, तिथे पाटी नाही, वस्तूवर गेलं की काय करता येईल ते आपोआप लिहून येतं. मी म्हटलं मग मेंदू कुठे लावायचा?

अहिराणी_नाद:
मेंदू 'लावायचा', बघा 😄

शुद्धमती:
मेंदू चालवतात. डोकं लावतात.

अहिराणी_नाद:
आमच्याकडे दोन्ही लावतात.

धुळ्याची_माई:
मी एक विचारू? हे 'अडकलो' म्हणतात ना गेममध्ये, पुढे जाता येत नाही तेव्हा, त्याला 'कोड्यात पडलो' म्हणता येईल का? लहानपणी आम्ही कोड्याला उखाणा म्हणायचो. रात्री गच्चीवर झोपताना आत्या उखाणे घालायची, उत्तर नाही आलं की ती म्हणायची 'गाव दे'. म्हणजे एखादं गाव तिला द्यायचं, मग ती उत्तर सांगणार. मी एका उन्हाळ्यात शिरपूर, दोंडाईचा, साक्री, सगळं देऊन टाकलं होतं. आता उखाणा म्हटलं की लोकांना फक्त नवऱ्याचं नाव घेणं आठवतं.

पिक्सेल_पाटील:
माई हे जबरदस्त आहे! गेममध्ये फोन फिरवला की अडलेल्याला सल्ला मिळतो अशी सोय आहे, तिला मी आता 'गाव दे' म्हणणार. मी चाळीसएक गावं दिली असतील.

शुद्धमती:
'गाव दे' मला माहीत नव्हतं. पण तो सल्ला म्हणजे 'इशारा' किंवा 'कानमंत्र'. आणि उखाण्याचा मूळ अर्थ कोडंच, हे माईंचं बरोबर.

यावलचा_केळीवाला:
आमच्याकडे 'गाव दे' नव्हतं, 'हरलो म्हण' होतं. आणि हरलो म्हणायला कोणी तयार नसायचं म्हणून उत्तरं कधी कळलीच नाहीत. एक अजून डोक्यात आहे, विहिरीवरचं.

अहिराणी_नाद:
घाला ना मग विहिरीवरचं.

यावलचा_केळीवाला:
थांबा, लाइट आली. मोटर लावून येतो.

पिक्सेल_पाटील:
तोवर पाटीवर 'लाव' ठेवतोय, दारापुरतं काहीतरी वेगळं बघू. भाचा म्हणतो मग चावीपुरतं, दिव्यापुरतं, कुत्र्यापुरतं पण वेगळं बघा.

धुळ्याची_माई:
कुत्र्याला काय लावणार आहात?

शुद्धमती:
आणि 'चाबी' अजून तशीच आहे तुमच्या पहिल्या मजकुरात.