लेपर्ड गेको घरात पाळावा का?

सुमेधा (एडिसन, न्यू जर्सी)
धाकटीला लेपर्ड गेको (पालीच्या जातीचा एक सरडा) हवाय आणि माझं मत, घ्यावा. इथे विकले जाणारे बहुतेक गेको कित्येक पिढ्या माणसांकडेच जन्मलेले असतात, रानातून पकडलेले नसतात. आपल्या पालीसारखे ते भिंतीवर चढत नाहीत, बोटांना चिकटणाऱ्या गाद्याच नसतात. डोळ्यांना पापण्या असतात. स्वभाव शांत. मुलांना प्राण्याची जबाबदारी कळायला आणखी काय हवं?

रानवाट
माझा विरोध आहे. हा प्राणी अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या, खडकाळ भागातला. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. मुलगी कॉलेजला गेली की कोण बघणार? जिवंत रातकिडे आणायचे, त्यांवर कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्वाची पूड भुरभुरायची, त्याच्या काचेच्या टाकीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवायची. कॅल्शियम कमी पडलं की हाडं वाकतात, जबडा मऊ पडतो. वाळवंटातला प्राणी म्हणून सुटी वाळू घालतात, ती पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं.

सुमेधा
मग हे शिकूनच घ्यावा ना! कुत्र्याचंही कमी असतं का? मुलगी गेली तर मी आहे.

निखिल प.
सुमेधाताई, तुम्ही नीट सांभाळाल, शंका नाही. माझा राग पैदाशीच्या धंद्यावर आहे. ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा पिवळाजर्द प्रकार आला, महाग विकला गेला. पुढे त्यातल्या बहुतेकांच्या अंगावर गाठी उठू लागल्या, कातडीच्या रंगपेशींच्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचा संबंध ‘स्पिंट१’ या जनुकाशी जोडला. म्हणजे ज्या रंगासाठी पैसे मोजले, त्याच्याच पोटात रोग होता. ‘एनिग्मा’ या दुसऱ्या प्रकारातले अनेक गेको मान वाकडी करून गोल गोल फिरतात, भक्ष्यावरचा नेम चुकतो. हौसेसाठी असे जीव जन्माला घालणं मला क्रूर वाटतं. मागणी आहे तोवर ते होतच राहणार.

रानवाट
हेच म्हणतोय. ‘बंदिस्त पैदास’ म्हटलं की सगळं माफ होत नाही.

माणदेशी
यांचा एक भाऊबंद महाराष्ट्र-गुजरातेतही आहे, युब्लेफॅरिस फस्कस. लोक विषारी समजून ठेचतात. त्याला विष अजिबात नसतं. माझ्या मते आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांना आधी तो रानात, हात न लावता दाखवावा.

सुमेधा
निखिल, हे माहीत नव्हतं. रंगीत प्रकार घेणार नाही, दुकानातूनही नाही. लोकांनी सोडून दिलेले गेको निवाऱ्यात असतात, त्यातलाच एक आणू. पाळण्याबद्दलचं मत मात्र तेच आहे.