मदत हवी आहे : निर्यात धोरण सतत बदलत असताना कांद्याच्या विपणनाचे नियोजन कसे करावे?

नमस्कार. निफाड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या विपणनाचे काम मी पाहतो. आम्ही कांदा देशात आणि दुबईला विकतो. परंतु दोन्हीकडचे निर्णय आमच्यापेक्षा बाहेरची परिस्थितीच घेते, असा अनुभव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये ती टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्याच्या अटीवर खुली झाली आणि शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या काळात अरबी मजकूर छापलेल्या जाळीच्या पिशव्या आमच्या गोदामात पडून राहिल्या आणि आमचा जुना खरेदीदार पाकिस्तानी कांद्याकडे वळला. तो अजून पूर्णपणे परतलेला नाही. देशात भाव चढले की सरकारने ग्राहकाकडे पाहावे, हे समजू शकते. साठवणुकीच्या चाळीतला कांदा मात्र अधिसूचनेसाठी थांबत नाही.

परदेशी खरेदीदाराला मोठा, एकसारख्या आकाराचा माल लागतो, तर पुण्या-मुंबईच्या किरकोळ दुकानांत मध्यम कांदाही खपतो. म्हणून विचारतो : प्रतवारी व पॅकिंग दोन्ही बाजारांसाठी सुरुवातीपासून वेगळे ठेवावे, की निर्यात अचानक थांबल्यास तोच माल देशात वळवता येईल असे एकच ठेवावे? तसेच धोरणबदलाची जोखीम खरेदीदारासोबत वाटून घेणारे कलम करारात कुणी घातले आहे का, आणि ते खरेदीदाराने मान्य केले का? प्रत्यक्ष निर्यात करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.