घरात एमएसचं निदान झालं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

माझ्या वहिनीला नुकतंच मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान झालंय. शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते, वायरीवरचं प्लास्टिक निघावं तसं, हे डॉक्टरांनी समजावलं. पण घरच्यांनी वागायचं कसं? ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी लिहा. औषधं मात्र सुचवू नका, ते तिचे न्यूरॉलॉजिस्ट बघताहेत.

नवरा, पुणे
बायकोचा डावा डोळा हलवला की दुखायचा, आणि त्या डोळ्याला लाल रंग फिका दिसायचा. चष्म्याचा नंबर तोच होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच एमआरआयला पाठवलं. मग पाठीतलं पाणी तपासलं, सलाईनमधून स्टेरॉइड दिले, आणि हळूहळू नजर बरीचशी परतली. तेव्हापासून जो तो म्हणतो, ‘बरी दिसतेस की!’ हे तिला फार लागतं. या आजारातला थकवा झोपून जात नाही, आणि तो कुठल्या रिपोर्टमध्ये दिसतही नाही. ती दुपारी आडवी झाली की फोन मी घेतो, पाहुण्यांना ‘आज नको’ मीच सांगतो. निदान घरात तरी तिला आपला त्रास सिद्ध करावा लागू नये.

आई, नागपूर
मे महिन्यात अंग तापलं की मुलाचे पाय जड होतात, धूसर दिसतं. आम्ही घाबरलो, आजाराचा पुन्हा ॲटॅक आला म्हणून. डॉक्टर म्हणाले, उन्हानं जुनीच लक्षणं वर येतात, अंग गार झालं की उतरतात. ताप नसताना नवा त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला तर कळवा. आता कूलर सकाळपासून, बाहेरची कामं उन्हाआधी. नातेवाईक कधी वैद्य सुचवतात, कधी बाबा. मी ऐकून घेते, इंजेक्शनची तारीख चुकू देत नाही.

धाकटी बहीण, ठाणे
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे, हे कळल्यावर मी लगेच दिव्यांग प्रमाणपत्राचा फॉर्म भरणार होते. ताई म्हणाली, थांब. थांबले. काही महिन्यांनी तिनंच विषय काढला.

वडील, कोल्हापूर
मुलीचं लग्न ठरत होतं. ‘सांगू नका’ म्हणणारे खूप भेटले. मुलगी म्हणाली, सांगायचंच. मुलाला घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यानं मूल होण्याबद्दल विचारलं. होऊ शकतं, फक्त औषधांचं आधी ठरवावं लागेल, असं उत्तर मिळालं. त्यांचा निरोप अजून आलेला नाही. नकार आला तरी पुढच्या स्थळालाही हेच सांगायचं, असं तिचं म्हणणं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं.