मदत हवी आहे: बाबांना प्रोस्टेट कॅन्सर, ऑपरेशन की रेडिएशन? (नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा गोंधळ उडालाय म्हणून लिहितोय. बाबा ६९ वर्षांचे, नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमधून रिटायर, शुगर आहे आणि मागे एक स्टेंट टाकलाय. रात्री सारखं लघवीला उठायला लागायचं म्हणून पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) केला तो ९.२ आला, मग एमआरआय, मग बायोप्सी, आणि रिपोर्टात ग्लिसन (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) ३+४=७, ग्रेड ग्रुप २. गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे म्हणतायत. इथल्या एका सर्जनने फाईल चाळून रोबोटिक सर्जरी करून टाका म्हणून सांगितलं आणि बाहेर काउंटरवर लगेच पुढच्या आठवड्याची तारीख नि ॲडव्हान्सचा आकडा चिठ्ठीवर हातात. एवढी घाई असते का खरंच? आई म्हणते काढून टाका एकदाचं, ठाण्याचे काका म्हणतात रेडिएशनच घ्या, मामा कसलातरी काढा घेऊन आलेत (तो अजून फ्रीजमध्येच आहे). आणि मुख्य म्हणजे बाबांना आम्ही फक्त 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलंय, आई म्हणते कॅन्सर ऐकलं की खचतील. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

जुना सिडकोकर:
दादा, मी स्वतः ऑपरेशन करून घेतलेला माणूस आहे. आधी तो ॲडव्हान्स भरू नका. ३+४ आणि आतल्या आत असेल तर आठवडाभरात काही बिघडत नाही, उलट बायोप्सीनंतर सूज उतरायला सर्जन लोक बहुतेक वेळा सहा ते आठ आठवडे थांबतातच. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची मोठी ट्रायल झाली, १६४३ पुरुष, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसती नजर, आणि २०२३ मध्ये १५ वर्षांचा निकाल आला तर या कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत साधारण ३ टक्केच. नजर ठेवलेल्यांत तो पसरायचं प्रमाण जास्त होतं आणि बऱ्याच जणांना नंतर उपचार घ्यावेच लागले हेही खरं. त्यातले बहुतेक कमी धोक्याचे होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा बाबांना चिकटवू नका, पण विचार करायला वेळ आहे एवढं नक्की.
माझं म्हणाल तर पीएसए जवळपास शून्यावर आला, डोकं शांत झालं. पण खोकलं की लघवी थेंब थेंब, बरेच महिने पॅड लावून फिरलो, लग्नाकार्यात शेवटच्या रांगेत बसायचो. आणि नवराबायकोच्या बाबतीत जे बदलतं ते कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. रेडिएशनमध्ये लघवीचा त्रास कमी, पण संडासच्या तक्रारी होऊ शकतात, आणि सोबत काही महिने हार्मोनचं इंजेक्शन सांगितलं तर शुगर आणि हृदयाचं आधी बोलून घ्या, स्टेंट आहे ना. अजून एक, ऑपरेशननंतर गरज पडली तर रेडिएशन देता येतं, उलटं मात्र फार अवघड.
आता यातलं काय चालेल हे आई, काका, मामा कसं ठरवणार? बाबांपासून लपवू नका.

स्लाइडवाली:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लॅबकडून बायोप्सीच्या स्लाइड आणि तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, पेशंटला मिळतात, आणि टाटाला परळला पुन्हा वाचून घ्या. ३+४ मध्ये ४ चं (म्हणजे जास्त आक्रमक भागाचं) प्रमाण किती टक्के हे रिपोर्टात आहे का बघा. ५-१० टक्केच असेल तर काही जणांना नुसतं लक्ष ठेवणंही सुचवतात, ४०च्या पुढे असेल तर गोष्ट वेगळी. आणि सर्जनबरोबर रेडिएशनच्या डॉक्टरांनाही भेटा, ज्याच्या हातात जे असतं ते तो आधी सुचवतो, त्यात वाईट हेतू असतो असं नाही. आता बऱ्याच पेशंटना २० सिटिंगमध्येच रेडिएशन होतं, पूर्वीसारखे दोन महिने नाहीत. पैशांसाठी महात्मा फुले योजनेत बसतं का तेही त्या त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा.

धागाकर्ता:
काका, ताई, खूप आभार. काल रात्री बाबांना सांगितलं. आई स्वयंपाकघरात जाऊन बसली. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा लावला आणि सगळी फाईल मागितली, आयुष्यभर नोटांच्या शीट तपासलेला माणूस, पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचली आणि म्हणाले, "एमआरआयमध्ये गाठ डावीकडे लिहिलीय आणि बायोप्सीत पॉझिटिव्ह तुकडे सगळे उजवीकडचे, हे कसं?" आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ४ चं प्रमाण तर लिहिलेलंच नाही. तारीख कॅन्सल केलीय. बाबांचं म्हणणं, ऑपरेशनला ना नाही पण पॅड लावून कट्ट्यावर बसणार नाही, आधी रेडिएशनवाल्यांचं ऐकू.
ताई, एकच विचारायचंय, डावं-उजवं असं उलट येतं तेव्हा लॅबला आधी लेखी विचारायचं की थेट ब्लॉक घेऊन परळलाच दाखवायचं? पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून गेलो तर नवीन पेशंटचं रजिस्ट्रेशन आणि स्लाइड जमा करणं एकाच दिवसात होतं का?